एकविसाव्या मजल्यावरून अक्कांचं अंगण

बंगलोरला जाऊन आले म्हटल्यावर ऑफिसातल्या बायकांनी पहिल्यांदा विचारलं, म्हैसूर सिल्क आणलंस का? नाही. लालबाग बघितलीस? तीही नाही. मग बघितलंस तरी काय? एक चित्रांचं प्रदर्शन आणि एक अंगण, असं मी सांगितलं, तेव्हा त्या आपापल्या टेबलाकडे गेल्या. नीट सांगायला वेळ लागेल, म्हणून लिहून काढते आहे.

जाण्याचं कारण चित्रं नव्हती. माझ्या थोरल्या नणंदबाई, अक्का, चाळीस वर्षांपूर्वी बेळगावहून लग्न होऊन बंगलोरच्या एका जुन्या मराठी घरात गेल्या. ती मंडळी तिथं इतक्या पिढ्या राहिली आहेत की मराठी आता स्वयंपाकघरात आणि भांडणातच उरली आहे. अक्कांचे यजमान, आमचे भावोजी, सहा वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही. हलसूरच्या अलीकडे एका गल्लीत कौलारू घर आहे, तिथं अक्का एकट्या राहतात. भावोजींचा पुतण्या मोहन जयनगरात राहतो आणि दर रविवारी येऊन बघून जातो.

मार्चअखेर मोहनचं पत्र आलं. अक्कांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. मागच्या टॉवरमधून रोज चार वाजता कुणीतरी बघतं म्हणतात. दुपारची कॉफी दोन पेल्यांत ओततात. अंगणात एकट्याच बोलतात. त्यांना तिथं ठेवणं बरोबर नाही. माझ्या फ्लॅटमध्ये, नाहीतर बेळगावला, नाहीतर इथं गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे तिथं. मामा-मामींनी येऊन काय ते ठरवावं, तुम्ही म्हणाल तसं करतो.

दोन दिवसांनी अक्कांचं कार्ड आलं. त्यात एवढंच होतं : "मागच्या टॉवरात चित्रं लागलीत. तिथं झाडायला जाणारी मुनियम्मा म्हणते त्यात आपलं घर आहे. मला ती लिफ्ट नको. तू नकाशेवाली. आधी वर जाऊन बघ, मग माझ्याकडं ये. मग मोहनला काय सांगायचं ते सांग."

यजमान माळ्याच्या शिडीवरून पडले होते. शिडी धरते, थांबा, असं मी म्हटलं होतं, थांबले नाहीत. पाय प्लास्टरमध्ये. तेव्हा एकटीच निघाले. रात्रीची गाडी, दिवसभर काम, रात्रीची गाडी.

माझी नोकरी भूमापनाचे नकाशे ट्रेस करण्याची आहे. बावीस वर्षं तेच करते. आमच्या कामात एक शिस्त असते : जागेवर नाही ते कागदावर काढायचं नाही, आणि कागदावर आहे ते नाही म्हणायचं नाही. पुढं जे सांगणार आहे ते या शिस्तीतच सांगते आहे.

सकाळ

स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये अंघोळ केली, साडी बदलली आणि समोरच्या दर्शिनीत गेले. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खाण्याचं हॉटेल. आमच्याकडे उभ्यानं खाणारा माणूस गाडी चुकत असलेला असतो. इथं कोट-टायवाले उंच गोल टेबलांभोवती निवांत उभे राहून इडली-वडा खातात आणि वर्तमानपत्रही वाचतात. इडली मऊ होती. सांबार गोडसर, ते मला जमलं नाही. चटणी मात्र दोनदा मागून घेतली.

माझ्या टेबलाशी दोन साठीचे गृहस्थ होते. त्यांनी 'बाय-टू' मागितली. एक कॉफी आणि दोन पेले आले, आणि दोघांनी ती निम्मी निम्मी घेतली. परिस्थिती बेताची दिसत नव्हती. एकाच्या हातात मोटारीची किल्ली होती. मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"नवीन आहात वाटतं, अम्मा," किल्लीवाले म्हणाले.

"बेळगावची. तुम्हाला अख्खी सोसत नाही का?"

"सोसते की. पण अख्खी घेतली तर हा त्याची त्याची पिऊन ऑफिसला पळेल. निम्मी असली की थांबतो."

दुसरे म्हणाले, "तीस वर्षं मला निम्म्यावर ठेवलंय यानं."

मी बेळगावची कन्नड बोलते. तिला बंगलोरात हसतात. रिक्षावाला पहिल्या वाक्यालाच म्हणाला, "अम्मा, तुम्ही भांडताय की पत्ता विचारताय?" मी म्हटलं, आधी पत्ता विचारते. मग त्यानं मुकाट्यानं मीटर टाकलं. रस्त्यांवर झाडी अजून खूप आहे. पण दर दोन-चार इमारतींमागे एक पत्र्याचं कुंपण, आत खड्डा, आणि बाहेर होऊ घातलेल्या इमारतीचं चित्र. त्या चित्रांतली माणसं चालताना दाखवलेली असतात, पण त्यांना चेहरे नसतात.

टॉवर

चोवीस मजले. खाली मोगऱ्याचे गजरे विकणारी बाई हातानं मापून फुलं देत होती, आणि तिच्या डोक्यावर एवढी काच. दारावरच्या पहारेकऱ्यानं वहीत नाव लिहायला लावलं. माझ्या आधीचं नाव दोन दिवसांपूर्वीचं होतं.

"चित्रांना?" तो म्हणाला. "एकविसावा. वर फार कुणी नसतं, अम्मा. घाबरू नका."

घाबरायचं माझ्या मनात नव्हतं. त्यानं सांगितल्यावर आलं.

लिफ्टमध्ये मी एकटी. एकवीसचं बटण दाबलं. चौदाव्या मजल्यावर ती आपोआप थांबली आणि दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. अख्खा मजला मोकळा, दिवे बंद, आणि प्लास्टिकच्या पिशव्या घातलेल्या शंभरेक खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, सगळ्यांची तोंडं लिफ्टकडे. गुदामात खुर्च्या एकावर एक रचतात. या कुणीतरी सभेसारख्या मांडल्या होत्या. मागच्या ओळीतल्या एका खुर्चीचं प्लास्टिक हळूहळू वर-खाली होत होतं. वारा असेल म्हणून मी खिडकी शोधली. टॉवरच्या खिडक्या उघडत नाहीत. मी दार मिटायचं बटण दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर ते मिटलं.

एकविसाव्या मजल्यावरही तीच मोकळी जागा होती, फक्त मधे लाकडी पार्टिशनं उभी केलेली आणि त्यांवर चित्रं. जलरंगाची, वहीच्या पानाएवढी, चाळीस. एअरकंडिशनचा एकसुरी आवाज. पार्टिशनच्या सुरुवातीला एक पुठ्ठा : 'चार वाजता. केशवमूर्ती.' बाकी माहिती नाही, किंमत नाही.

पहिली पाच-सहा चित्रं बघितली आणि मला वाटलं, हा माणूस एकच चित्र पुन्हा पुन्हा काढतो. मग सवयीनं आधी उत्तर दिशा शोधली. सगळी चित्रं उत्तरेच्या एकाच खिडकीतून काढलेली. खाली गल्ल्या, कौलं, नारळ, गच्च्यांवरच्या टाक्या. सावल्या सगळ्या उजवीकडे, म्हणजे दुपार. कोपऱ्यात महिना लिहिलेला. पूर्ण वर्षाचा हिशेब होता. पहिल्या चित्रात कौलारू घरं मोजली, अकरा. दहाव्यात नऊ. जिथं घर होतं तिथं मातीच्या रंगाचा चौकोन, मग पत्र्याचं कुंपण, मग राखाडी खांब. शेवटच्या चित्रात तीन कौलारू घरं उरली होती. त्यांतलं मधलं अक्कांचं. तुळशीवृंदावन, उंबरठ्याची पायरी, तुळशीजवळचा बसका दगड. मी त्या घरात आठ-दहा वेळा राहिले आहे. ओळखायला वेळ लागला नाही.

पर्समध्ये माझं भिंग असतं. ते काढलं.

माणसं तांदळाच्या दाण्याएवढी होती, पण रंगवलेली. मिरच्या वाळत घालणारी बाई, सायकलवाला, गच्चीवर पतंग घेऊन कुणी. अक्का पायरीवर बसलेल्या, विटकरी साडीचा एक ठिपका. आणि दगडावर एक पांढरी जागा. बसलेल्या माणसाच्या आकाराची. कागद तिथं कोरा होता.

पुढच्या चित्रात अक्का जांभळ्या साडीत. दगडावर पांढरी जागा. पुढच्यात पुन्हा. मी पार्टिशनमागून पार्टिशन करत गेले. चाळिसांपैकी सदतीस चित्रांत ती होती. उरलेल्या तिनांत पाऊस होता आणि अंगणात अक्काही नव्हत्या.

धोतर वाळत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग भिंग खाली सरकवलं आणि ते म्हणणं सोडून दिलं. त्या पांढऱ्या जागेला सावली होती. अक्कांच्या सावलीएवढीच लांब, त्याच कोनात, फिकट निळी, डोकं आणि खांदे कळतील अशी.

"भिंग घेऊन बघणारं पहिलंच माणूस," मागून कुणीतरी कन्नडमध्ये म्हणालं.

हेच केशवमूर्ती. पन्नाशीचे, निळा डगला, खिशात पाना. टॉवरच्या एअरकंडिशनची यंत्रं बघणं हे त्यांचं काम. चार ते साडेचार चहाची सुट्टी. खाली जाऊन यायलाच वीस मिनिटं जातात म्हणून ते या मजल्यावर बसून चित्रं काढू लागले. मजला वर्षभर रिकामाच होता. मालकानं दहा दिवस प्रदर्शन लावू दिलं.

"सोमवारपासून इथं कॉम्प्युटरची कंपनी येते," ते म्हणाले. "खिडकीला पडदे लागतील. संपलं माझं."

मी भिंगानं दाखवलं. "हे काय आहे?"

त्यांनी चित्र सोडून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही त्या घरच्या का?"

"त्या बाईंची भावजय."

"हं." त्यांनी डगल्याला हात पुसले. "माझी पद्धत सांगतो, मॅडम. पाण्याच्या रंगात पांढरा नंतर लावता येत नाही, कागद आधीच राखावा लागतो. मी बसलो की पहिल्यांदा सगळी माणसं बघून घेतो आणि तेवढ्या जागा कोऱ्या सोडतो. मग घरं, झाडं, सावल्या. शेवटची पाच मिनिटं उरली की माणसं भरतो. तोवर जो उठून गेला तो गेला. पण साडीचा रंग लक्षात असतो, भरता येतो."

"मग हा का भरला नाही?"

"रंग सांगता येत नाही. जागा राखताना तिथं कुणीतरी बसलेलं असतं. भरायला बघतो तेव्हा दगड असतो."

"आणि सावली?"

"सावली मधे येते. ती होती, म्हणून काढली. दिसतं तेच काढतो मी." हे त्यांनी जरा रागानं सांगितलं. मला तो राग ओळखीचा होता. आमच्या ऑफिसात कुणी माझ्या रेषेवर शंका घेतली की मीही असंच बोलते.

मी एक चित्र मागितलं. प्रदर्शन उठेपर्यंत एकही काढून द्यायचं नाही अशी मालकाची अट होती. म्हणजे अक्कांना दाखवायला हातात काही नाही. जे सांगायचं ते तोंडानंच सांगावं लागणार होतं. निघताना मी खिडकीपाशी गेले. खाली अंगण दिसत होतं, दगडही. साडेबारा वाजले होते. दगडावर कुणी नव्हतं. खिडकीच्या कठड्यावर केशवमूर्तींची पाण्याची बरणी ठेवलेली होती.

उतरताना लिफ्ट कुठंही थांबली नाही. चौदाचा दिवा लागून विझेपर्यंत मी त्या आकड्याकडेच बघत होते.

अक्कांचं अंगण

"आलीस का? सरी. पैलं जेव," अक्का म्हणाल्या. 'सरी' म्हणजे कन्नडमधलं 'बरं'. चित्रांचं एक अक्षर विचारलं नाही. हुळी, भात, काकडीची कोशिंबीर. हुळी म्हणजे आपल्या आमटीत आणि त्यांच्या सांबारात कुठंतरी मधे. माझ्यासाठी वेगळी पुरणपोळी केली होती. मोहनचं पत्र डोक्यात ठेवून मी घर बघून घेतलं. गॅस बंद, दूध झाकलेलं, औषधांच्या गोळ्या वारांप्रमाणे पुड्यांत, कॅलेंडरवर दुधाचे खाडे. माझ्या घरात इतकी व्यवस्था नाही.

साडेतीनला मी अंगणात गेले. पांढरं दिसेल असं काही तिथं आहे का ते बघितलं. धुण्याची दोरी पलीकडच्या भिंतीला. चुना लावलेला खांब नाही, बादली नाही. दगड काळा, आणि भर उन्हात. पावलांनी अंतर मोजलं : चित्रात होतं तसंच, पायरीपासून चार पावलं. मग वर बघून मजले मोजले. एकविसाव्या मजल्याच्या काचेत आभाळ सोडून काही दिसेना.

"इतक्यात नाही दिसायचं. चारला चमकतं तिथं," अक्का पायरीवरून म्हणाल्या. "साडेचारला बंद. वर्षभर बघते. रविवारी नसतं. म्हणजे नोकरीचा माणूस. बरोबर की नाही?"

"बरोबर. पाण्याची बरणी आहे. चित्रं काढतात."

"मोहनला मी हेच सांगितलं. त्यानं काय लिहिलं तुम्हाला?"

"तुम्हाला कुणीतरी बघतंय असं."

"मी बघतोय म्हणाले, तर तो खरंच बघतोय. यात डोकं बिघडायचं काय झालं?" त्यांनी आतून तांब्यात कॉफी आणली आणि पितळेचे तीन पेले मांडले. एक मला दिला. उरलेल्या दोनांत त्यांनी आपली कॉफी निम्मी निम्मी ओतली.

मी सरळ विचारलं. "अक्का, हा दुसरा कुणाचा?"

"बाय-टू ग. चौतीस वर्षं ह्यांच्याबरोबर अशीच घेतली. अख्खा पेला मला जात नाही. निम्मा पिते, निम्मा तुळशीला."

"आणि बोलता कुणाशी?"

"तोंडाला सवय. उत्तर येतंय म्हणून मी कुठं म्हटलं?" त्या जरा हसल्या. मग हसू गेलं. "सुमे, मला काही दिसत नाही. डोळे चांगले आहेत माझे, सुईत दोरा घालते. दगड दिसतो, एवढंच. पण चार वाजले की ही बाजू," त्यांनी डावा दंड चोळला, "स्वल्प गार होते. वारा नसताना. म्हणून तुला वर पाठवली. मला खालून दिसत नाही. वरून त्याला दिसतं का?"

वर काच चमकली. चार वाजले होते.

"चित्रात किती जण आहेत?" अक्कांनी विचारलं.

एक असं सांगितलं असतं तर मोहनला सोपं गेलं असतं, आणि अक्काही कदाचित उठून त्याच्याबरोबर जयनगरला गेल्या असत्या. त्यांना या अंगणात कशानं धरून ठेवलं आहे ते आता मला कळलं होतं. आमच्या नकाशांत कोरी जागा म्हणजे मोजणी न झालेली जागा. तिला कुणी माणूस म्हणत नाही. पण कोऱ्या जागेला सावली पडत नाही, आणि ही सदतीस कागदांवर पडली होती.

"दोन," मी म्हटलं.

अक्कांनी मान हलवली. "सरी," त्या म्हणाल्या. दुसरा पेला त्यांनी हातभर दगडाच्या बाजूला सरकवला आणि आपला उचलला. मला सावल्या बघण्याची सवय आहे. त्या दगडाची सावली बघायला मान किंचित वळवली असती तरी पुरलं असतं. मी समोरच्या नारळाकडे बघत कॉफी संपवली.

पाचच्या सुमाराला मोहन आला. ऑफिसातून लवकर निघून, घामेजलेला, हातात माझ्यासाठी म्हैसूरपाकाचा पुडा. चांगला माणूस आहे.

"काय मामी, बघितलीत चित्रं? झालं अक्कांचं समाधान?" असं म्हणत तो बुटांचे बंद सोडायला दगडावर टेकू लागला.

"तिथं नको," अक्का म्हणाल्या.

"तिथं नको," मी म्हणाले. दोघींचं एकदमच निघालं.

मोहन अर्धवट वाकलेला तसाच थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. अक्कांकडे नाही, माझ्याकडे.

"ओला आहे," मी म्हटलं.

एप्रिलचं ऊन होतं. त्या गल्लीत महिनाभर थेंब पडला नव्हता, आणि दगडावर दुपारपासून ऊन होतं. मोहन काही अडाणी नाही. त्यानं खात्री करायला दगडावर तळवा ठेवला, आणि लगेच उचलला. तळवा पँटला पुसला, पुन्हा बघितला.

"ओला नाही," तो सावकाश म्हणाला. "गार आहे."

तो पायरीवर, अक्कांच्या खालच्या अंगाला बसला आणि बूट तिथं काढले. मग मी जे सांगायचं ते सांगितलं : टॉवरमधून खरंच एक माणूस बघतो, मी त्याला भेटून आले, नाव केशवमूर्ती. दोन पेले म्हणजे बाय-टू. गोळ्या, दूध, गॅस, सगळं ठीक आहे. अक्का इथंच राहतील.

"आणि बोलतात ते?" मोहननं विचारलं, पण त्याचा आवाज खाली आला होता.

"चाळीस वर्षांची सवय आहे," मी म्हटलं. "तू विचारू नकोस."

त्यानं विचारलं नाही. स्कूटरवरून मला स्टेशनला सोडलं. बोलका माणूस, पण सगळ्या रस्त्यात एकच वाक्य बोलला, तेही सिग्नलला थांबल्यावर, मान न वळवता.

"मामी, अक्कांचा गॅस बंद करायचा म्हणून त्यांचं गॅसचं पुस्तक मी घरी नेलं होतं. उद्या परत नेऊन देतो."

"सरी," मी म्हटलं.